हेडफोन एका कानाला, लक्ष दोन गाण्यांकडे

आपल्याकडे ‘डीजे’ म्हटलं की डोळ्यांसमोर माणूस येत नाही, ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत येते. ‘यंदा आमच्या मंडळाचा डीजे आहे’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा त्या भिंतीमागे उभं राहून गाणी जुळवणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा विचार कुणाच्या मनात नसतो. हा लेख त्या भिंतीबद्दल नाही, तिच्यामागच्या माणसाबद्दल आहे. खरं तर त्याच्या मानेभोवती लटकणाऱ्या त्या एका वस्तूबद्दल. कारण कॉलेजच्या फ्रेशर्स पार्टीला, भावाच्या हळदीला किंवा हॉस्टेलच्या गच्चीवर तुमच्यापैकी कुणीतरी लवकरच कंट्रोलरसमोर उभं राहणार आहे. आणि पहिली चूक होते ती बहुतेक हेडफोनमध्येच.

मला हे कसं कळलं? माझ्या मावसभावामुळे. तो इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दीड वर्ष पैसे साठवून त्यानं सेकंडहँड कंट्रोलर घेतला. खोलीत तासन् तास सराव केला. मग डिपार्टमेंटच्या पार्टीला वाजवायची संधी मिळाली, तेव्हा साहेब आपले रोजचे ब्लूटूथ हेडफोन गळ्यात अडकवून गेले. कंट्रोलरला ब्लूटूथ नव्हतंच, म्हणून ते लॅपटॉपला जोडले. पुढचं गाणं कानात अगदी बरोबर ठोक्यावर सुरू केलं आणि बाहेर स्पीकरवर दोन्ही गाणी एकमेकांच्या अंगावर पडली. घोड्यांची शर्यत लागल्यासारखी धडधड! नाचणारे थांबले, मागून कुणीतरी ओरडलं, ‘अरे, यूट्यूब लाव!’ त्या रात्री त्याचं तोंड बघवत नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर होती. पुढच्या कार्यक्रमाला त्यानं मित्राचे वायरवाले हेडफोन नेले. पण ते इतके सैल होते, की बाहेरच्या आवाजात कानातलं काही ऐकूच येईना. मग त्यानं आवाज वाढवत नेला, पार शेवटपर्यंत. घरी आला तेव्हा कानात बारीक शिट्टी वाजत होती. ती दोन दिवस गेली नाही. मावशीनं डॉक्टरांकडे नेलं. कान वाचले, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे वारंवार झालं, तर एक दिवस ती शिट्टी थांबणार नाही.

त्यानंतर आम्ही दोघं हेडफोन शोधायला निघालो. तेव्हा जे शिकलो, ते तुमच्यासाठी.

आधी हे समजून घ्या: डीजेला हेडफोन लागतात कशाला?

आपण हेडफोन लावतो ते गाणं ऐकायला. डीजे लावतो ते लोकांना अजून ऐकू न आलेलं गाणं ऐकायला. स्पीकरवर एक गाणं चालू असतं. त्याच वेळी डीजे दुसऱ्या डेकवर पुढचं गाणं फक्त स्वतःच्या कानात लावतो, त्याचा वेग पहिल्याशी जुळवतो, ठोका ठोक्यावर बसवतो आणि मगच फेडर वर ढकलतो. या कानातल्या ऐकण्याला ‘क्यू’ म्हणतात. प्रत्येक मिक्सरवर आणि कंट्रोलरवर हेडफोनचं चिन्ह असलेलं किंवा ‘क्यू’ लिहिलेलं बटण असतं ते यासाठीच.

ही कल्पना पन्नासहून अधिक वर्षं जुनी आहे. 1970च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ‘सँक्च्युअरी’ नावाचा क्लब होता, एका जुन्या चर्चच्या इमारतीत. तिथे फ्रान्सिस ग्रासो नावाचा डीजे एक रेकॉर्ड संपायच्या आत दुसरी तिच्या ठोक्यावर मिसळायचा. आज ज्याला बीटमॅचिंग म्हणतात, ते लोकप्रिय करणाऱ्यांत त्याचं नाव पहिलं घेतलं जातं. त्याच दशकात ब्रॉन्क्स भागात ग्रँडमास्टर फ्लॅश हा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला पोरगा होता. त्याच्याकडच्या मिक्सरवर क्यूची सोय नव्हती, तर त्यानं स्वतःच जोडणी करून ती बनवली. म्हणजे डीजेच्या कलेत टर्नटेबलइतकंच हेडफोनलाही मानाचं स्थान पहिल्यापासून आहे.

म्हणून दुकानात जाताना प्रश्न ‘गाणं किती भारी वाटतं?’ हा नाही. प्रश्न आहे, ‘आजूबाजूला गोंगाट असताना मला ठोका स्वच्छ ऐकू येतो का?’

ब्लूटूथ का नको?

माझ्या भावाची फजिती का झाली, याचं उत्तर साध्या गणितात आहे. हाउस प्रकारातलं एखादं गाणं 128 बीपीएमचं असेल, तर मिनिटाला 128 ठोके पडतात. 60 भागिले 128, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये साधारण 0.47 सेकंद. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत पोचायला 0.15 ते 0.2 सेकंद किंवा त्याहून जास्त उशीर सहज होतो. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण ॲप चित्र थोडं मागे ओढून घेतं. पण डीजेच्या एका कानात उशिरा आलेलं गाणं असतं आणि दुसऱ्या कानात स्पीकरवरचं, वेळेवरचं. फरक जवळपास अर्ध्या ठोक्याचा! कानाला जे जुळलेलं वाटतं, ते प्रत्यक्षात जुळलेलं नसतं.

काही कंपन्यांनी आता डीजेंसाठी खास कमी उशिराचे वायरलेस हेडफोन काढले आहेत. ते चालतात, पण त्यांना वेगळा ट्रान्समीटर लागतो, महाग पडतात आणि चार्जिंगचं टेन्शन वेगळं. सुरुवातीला सरळ वायरचे घ्या.

तीच गोष्ट नॉइज कॅन्सलेशनची. विमानाच्या घरघरीसारखा एकसुरी आवाज ते छान कापतं. पण ठोके, टाळ्या, आरडाओरडा असे क्षणाक्षणाला बदलणारे आवाज त्याला तितके आवरत नाहीत. डीजेला लागतो तो साधा, न बिघडणारा अडथळा: कानावर घट्ट बसणारी गादी.

बघायच्या गोष्टी, महत्त्वाच्या क्रमानं

*एक, बंद पाठ.* हेडफोनच्या कपाची बाहेरची बाजू जाळीची असेल, तर आवाज आत-बाहेर होतो. घरी निवांत शास्त्रीय संगीत ऐकायला असे ओपन-बॅक हेडफोन सुंदर. बूथमध्ये ते बिनकामाचे. आपल्याला क्लोज्ड-बॅकच हवेत.

*दोन, पकड.* हीच सगळ्यात महत्त्वाची कसोटी आणि हीच लोक विसरतात. हेडफोन जितका बाहेरचा आवाज अडवतील, तितका कानातला आवाज कमी ठेवता येतो. समजा, स्टेजवर 100 डेसिबलचा आवाज आहे. हेडफोननं 15 डेसिबल अडवले, तर कानापर्यंत 85 पोचतात आणि त्याच्या थोडं वर ठेवलं तरी क्यू ऐकू येतो. हेडफोन सैल असतील, तर तुम्हाला 100च्याही वर जावं लागतं. माझ्या भावाच्या कानातली शिट्टी इथूनच आली. ‘जोरात वाजतात’ हा डीजे हेडफोनचा गुण मानला जातो, पण त्याआधी ‘हळू ठेवूनही ऐकू येतं’ हा गुण तपासा.

*तीन, कप फिरणं.* डीजे बहुतेक वेळा एकच कान झाकतो. दुसरा कान स्पीकरकडे. त्यामुळे एक कप मागे किंवा वर वळवता आला पाहिजे, आणि वळवल्यावरही हेडफोन डोक्यावरून घसरता कामा नये. काही जण तो खांद्यानं कानाशी दाबून धरतात. दिसायला भारी दिसतं, पण दोन तासांनी मान धरते.

*चार, ठोका स्वच्छ ऐकू येणं.* बाजारातले बरेचसे रोजच्या वापराचे हेडफोन बेस मुद्दाम फुगवतात. बसमध्ये ऐकायला मजा येते, पण क्यू करताना किक ड्रम एका ढगासारखा पसरतो आणि त्याची सुरुवात नेमकी कुठे झाली तेच कळत नाही. तुम्हाला किकचा ‘ठक्’ आणि हाय-हॅटची ‘त्स्’ वेगवेगळी ऐकू यायला हवी.

*पाच, वायर.* निघणारी वायर असेल तर उत्तम. वायर हीच पहिली तुटते. ती वेगळी विकत मिळत असेल, तर हेडफोन वाचतात. जुन्या लँडलाइन फोनच्या वायरसारखी गुंडाळीची वायर बरी, कारण हालचाल करताना ती ताणली जाते आणि पायात येत नाही. शिवाय वायर एकाच कपातून बाहेर येणारी असावी. दोन्हीकडून आलेली वायर गळ्यात गुंतते.

*सहा, पिन.* मोठ्या मिक्सरना 6.3 मिलिमीटरची मोठी पिन लागते, लॅपटॉपला आणि अनेक छोट्या कंट्रोलरना 3.5ची छोटी. पायोनियरच्या डीडीजे-एफएलएक्स 4सारख्या विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय कंट्रोलरलाही छोटीच पिन लागते. हेडफोनबरोबर आट्यांनी बसणारा ॲडॉप्टर येतो का बघा, आणि आला तर जपा. कार्यक्रमाच्या ऐन वेळी तो हटकून हरवतो!

*सात, दुरुस्ती.* गाद्या घामानं वर्ष-दोन वर्षांत सोलायला लागतात. त्या सुट्या मिळतात का? बिजागरी स्क्रूची आहे की चिकटवलेली? हे प्रश्न दुकानदाराला विचारायला लाजू नका.

खोक्यावरच्या आकड्यांचं काय?

खोक्यावर ‘5 ते 30,000 हर्ट्झ’ असं छापलेलं असतं. माणसाच्या कानाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झच ऐकू येतं, तेही तरुणपणी. तेव्हा या आकड्यानं भारावून जाऊ नका.

‘ओहम’चा आकडा मात्र बघा. आकडा मोठा असेल, तर हेडफोनला पुरेसा आवाज करायला जास्त ताकदीचं यंत्र लागतं. उदाहरणार्थ, बेयरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो हा स्टुडिओत नावाजलेला हेडफोन 32, 80 आणि 250 ओहम अशा प्रकारांत मिळतो. यातला 250वाला छोट्या कंट्रोलरवर दबकाच वाजेल. डीजेसाठी साधारण 30 ते 70 ओहमच्या दरम्यानचे हेडफोन सोयीचे पडतात.

ड्रायव्हर 40 मिलिमीटरचा की 50चा, यावरही फार डोकं लावू नका. मोठा म्हणजे चांगला, असा सरळ नियम नाही.

काही नावं, जी सारखी ऐकू येतील

सेनहायझरचा एचडी 25 हा या क्षेत्रातला म्हातारा, पण अजून ताठ चालणारा गडी. 1988 साली तो आला. मुळात प्रसारणाच्या कामासाठी बनवलेला, पण डीजेंनी तो आपलासा केला. वायर सोडून वजन जेमतेम 140 ग्रॅम, 70 ओहम, एक कप मागे फिरतो आणि जवळपास प्रत्येक भाग सुटा मिळतो. मात्र तो कानाभोवती नाही, कानावर बसतो. पकड घट्ट असल्यानं काहींचे कान तासाभरात दुखतात. चष्मा असेल तर आधी घालून बघाच.

ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम 50एक्स हा कानाभोवती बसणारा, 38 ओहमचा, 90 अंशांत फिरणाऱ्या कपांचा आणि निघणाऱ्या वायरचा. मिक्सिंगचा सराव आणि रेकॉर्डिंग दोन्हीला चालतो, त्यामुळे मास मीडियाच्या मुलांनाही तो आवडतो. पायोनियर डीजेचे ‘एचडीजे’ मालिकेतले हेडफोन खास याच कामासाठी बनवलेले, त्यात स्वस्त आणि महाग दोन्ही टोकं आहेत. डेन्मार्कच्या आयआयआयच्या ‘टीएमए-2’मध्ये तर गादी, स्पीकर, पट्टी, वायर सगळं सुटं बदलता येतं.

ही जाहिरात नाही. ही नावं सांगितली ती तुलना करायला सोपं जावं म्हणून. बजेट कमी असेल, तर याच कंपन्यांची सुरुवातीची मॉडेल्स आधी बघा. सेकंडहँड घेतलंत तरी हरकत नाही, फक्त नवीन गाद्यांचा खर्च धरा. दुसऱ्याच्या घामाच्या गाद्या कशाला?

दुकानात काय कराल?

आम्ही पुण्यात तपकीर गल्लीतून सुरुवात केली. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच. ऑनलाइन स्वस्त पडतं हे खरं, पण हेडफोन हे चपलेसारखे असतात. घालून बघितल्याशिवाय कळत नाही. आमची पद्धत अशी होती:

• फोनमध्ये अगदी तोंडपाठ असलेली तीन गाणी डाउनलोड करून न्या. एक ढोल-ताशाचं किंवा भरपूर ठेक्याचं, एक आवाजप्रधान, एक इलेक्ट्रॉनिक. दुकानदाराच्या डेमो गाण्यावर सगळेच हेडफोन छान वाजतात.

• हेडफोन घाला, गाणं बंद ठेवा. रस्त्यावरचे हॉर्न किती अडतात ते बघा. तपकीर गल्लीचा गोंगाट इथे फुकटची प्रयोगशाळा आहे.

• मग आवाज निम्म्यावर ठेवून एका कानानं ऐका. मित्राला शेजारी फोनच्या स्पीकरवर दुसरं गाणं लावायला सांगा. कानातला ठोका सुटा ओळखता येतो का?

• मान जोरात हलवा, खाली वाका. घसरले तर नको.

• पंधरा-वीस मिनिटं घालून ठेवा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. कार्यक्रम चार तासांचा असतो.

• पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या. नावाजलेल्या मॉडेलच्या नकला बाजारात भरपूर आहेत. किंमत अविश्वसनीय वाटली, तर विश्वास ठेवू नका.

तिसऱ्या दुकानात भावाला हवे तसे मिळाले. एक काका काउंटरवर होते. त्यांनी आधी सगळ्यात महागडा काढून दाखवला. भावानं शांतपणे तीन गाणी लावली, मान हलवली आणि म्हणाला, ‘काका, हा बेस जास्त फुगवतो. त्याच्या खालचा दाखवा.’ काका हसले, ‘वाजवता वाटतं?’ त्या पार्टीनंतर पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळलेला मी पाहिला.

आणि आता कानांबद्दल

हा भाग वाचून पान उलटा, त्याआधी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनुसार सुरक्षित ऐकण्याची मर्यादा आठवड्याला अशी आहे: 80 डेसिबल असेल तर 40 तास, 90 असेल तर 4 तास आणि 100 असेल तर फक्त 20 मिनिटं. आठवड्याची 20 मिनिटं! एखाद्या दणदणीत कार्यक्रमात आपण ती दोन-चार गाण्यांतच संपवतो. याच संघटनेनं 2022 साली कार्यक्रमांच्या जागांसाठी सरासरी 100 डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. आणि 12 ते 35 वयोगटातल्या 100 कोटींहून जास्त जणांची श्रवणशक्ती अशा ऐकण्यामुळे धोक्यात आहे, असा तिचा अंदाज आहे. यात तुम्ही-मी आलोच.

कानाच्या आत सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. चष्म्यासारखा यावर सोपा उपाय नाही.

म्हणून एवढं करा. क्यूचा आवाज फक्त जुळवणी करताना वाढवा, झालं की खाली आणा. हेडफोन सतत कानावर ठेवायची गरज नसते. मोकळ्या कानात संगीतकारांसाठी मिळणारा इअरप्लग घाला. तो आवाज बंद करत नाही, फक्त खाली आणतो. मॉनिटर स्पीकर जवळ आणि कानाच्या दिशेनं ठेवून घ्या. मग हेडफोनवर जोर देण्याची गरज कमी होते. मध्ये मध्ये शांत जागी जाऊन या. कानात शिट्टी वाजली आणि दुसऱ्या दिवशीही गेली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. एका कानानं अचानक कमी ऐकू आलं, तर त्याच दिवशी जा. आणि हो, रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला कायद्यानं बंदी आहे. काही सणांपुरती सूट असते तेवढीच. दहाला बंद केलंत, तर शेजारच्या आजोबांचे आणि तुमचे, दोघांचेही कान दुवा देतील.

गेल्या महिन्यात माझ्या भावाला पुन्हा बोलावलं, त्याच डिपार्टमेंटनं. मी मागे उभी राहून बघत होते. उजवा कप मागे वळवलेला, डाव्या कानावर हेडफोन, उजव्या कानात छोटा इअरप्लग. त्यानं पुढचं गाणं जुळवलं, फेडर हळूच वर नेला आणि एक गाणं दुसऱ्यात कधी शिरलं, ते नाचणाऱ्यांना कळलंच नाही. यूट्यूब कुणी मागितलं नाही.

घरी परतताना रिक्षात मी विचारलं, ‘कानात शिट्टी?’

तो म्हणाला, ‘नाही. फक्त तुझी बडबड ऐकू येतेय.’